शालनचे सात ठिपके

मे महिना लागला की मला अजूनही जमिनीवर पालथं पडून काम करावंसं वाटतं. आता वयाला ते शोभत नाही आणि गुडघ्यांना झेपतही नाही. पुण्यातल्या या फ्लॅटची फरशी पांढरी, गुळगुळीत आणि जरा परकीच आहे. तरी दुपारी दोनच्या सुमाराला खिडकीबाहेरचं ऊन पांढरंफटक झालं, रस्ता ओस पडला, की माझा हात आपोआप बटणाकडे जातो आणि मी पंखा बंद करते. मुलगा वैतागतो. "आई, एवढं उकडतंय आणि तू पंखा बंद करतेस?" त्याला काय सांगणार? सोलापुरातल्या एका उन्हाळ्यात आम्ही दोघी जवळजवळ दोन महिने दुपारभर पंखा बंद ठेवून बसलो होतो, कारण पंखा लावला की कागद उडायचे.

सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात गणित शिकवत होते. लग्नाला चार वर्षं झाली होती. हे रेल्वेत, वाडी स्टेशनावर नोकरीला, रविवारी घरी यायचे. घरात सासूबाई, माझी धाकटी नणंद शालन आणि मी. तीन खोल्या, वर गच्ची, खाली शहाबादी फरशी. सोलापूरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला शहाबादी फरशी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सकाळी नळाला पाणी आलं की बादलीभर पाणी तिच्यावर ओतायचं, खराट्यानं लोटायचं आणि ती वाळायच्या आत दारं लावून घ्यायची. मग दुपारी तिला गाल लावून पडलं तरी गार लागे. बाहेर कडुनिंबाची फुलं गळून अंगणभर पिवळसर कचरा झालेला असे. गिरणीचा भोंगा झाला की सासूबाई घड्याळाकडे न बघता म्हणायच्या, "तीन वाजले, चहा टाका." पलीकडच्या गल्लीतल्या मागांची खटखट दिवसभर चालू असे. ती थांबली तरच कान टवकारायचे.

त्या फरशीवर आम्ही खाकी कागद पसरायचो. कापडाच्या दुकानात तागे गुंडाळून येतात ना, तो. कोपऱ्यांवर वजन म्हणून एकीकडे खलबत्त्यातला बत्ता, दुसरीकडे अडकित्ता, उरलेल्या दोन कोपऱ्यांवर आम्ही दोघी. आणि त्या कागदावर ठिपके आणि बाण. शेकडो ठिपके, शेकडो बाण.

मी पीएच.डी.साठी मुंबईच्या एका संस्थेत नाव घातलं होतं. नाव पक्कं झालं नव्हतं, व्हायचं होतं. विषय असा की लोकांना सांगताना माझीच धांदल उडे. संगणकाला काम सांगायचं तर सूचनांची एक लांबलचक यादी द्यावी लागते. तिला प्रोग्रॅम म्हणतात हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतही सांगावं लागे. माझं म्हणणं होतं की ही यादी यादी म्हणून न बघता चित्र म्हणून बघावी. प्रत्येक बेरजेला, गुणाकाराला एक ठिपका. ज्या आकड्यावर ती बेरीज अवलंबून असेल तिथून तिच्याकडे येणारा बाण. सगळा प्रोग्रॅम असा कागदावर उतरवला की त्यातला फापटपसारा डोळ्यांना दिसू लागतो. कुणी एखाद्या संख्येला उगाच एकनं गुणलेलं असतं. कुणी तीच बेरीज दोन ठिकाणी दोनदा केलेली असते. तेवढा तुकडा खोडायचा आणि त्याच्या जागी त्याच अर्थाचा लहान तुकडा बसवायचा. बाहेरून येणारे आणि बाहेर जाणारे बाण मात्र होते तिथंच जोडलेले राहिले पाहिजेत. असं करत करत चित्र लहान होतं, आणि चित्र लहान झालं की यंत्राला लागणारा वेळही कमी होतो.

कुठला तुकडा काढून कुठला बसवायचा याचे मी अकरा नियम केले होते. त्या दिवसांत लग्नपत्रिका ढिगानं यायच्या. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी एकेक नियम काढला होता, डावीकडे जुना आकार, उजवीकडे नवा, वर क्रमांक. आणि माझा सगळ्यात मोठा दावा, ज्यावर प्रबंध उभा राहायचा होता, तो असा होता की हे नियम कुठल्याही क्रमानं लावा, शेवटी उरणारं चित्र एकच येईल. सिद्ध करायचं होतं ते हेच. मला त्याची इतकी खात्री होती की सिद्धता हा निव्वळ उपचार वाटायचा.

मार्गदर्शक सरांची तेवढी खात्री नव्हती. मार्चच्या अखेरीला त्यांचं पत्र आलं, नेहमीप्रमाणे मोजकं. कागदावरची पाच-दहा ठिपक्यांची उदाहरणं पुरे झाली, आता खराखुरा प्रोग्रॅम घेऊन दाखवा. सोबत एक प्रोग्रॅम त्यांनी पाठवला होता. आमच्याच सोलापूर जिल्ह्याचा निघाला, मला गंमत वाटली. कुठल्याशा इंजिनियरिंग कॉलेजातल्या प्राध्यापकांनी तो लिहिलेला. आदल्या पावसाळ्याचे आकडे घालायचे आणि तालुक्यातालुक्यांतल्या तलावांत एप्रिलअखेर किती पाणी उरलं असेल याचा अंदाज काढायचा. पण बाहेरच्यांच्या कामाला संगणकावर पंधरा मिनिटांहून जास्त वेळ मिळत नसे, आणि हा प्रोग्रॅम पंधरा मिनिटांत कधी संपला नव्हता. प्रत्येक वेळी मध्येच तोडावा लागलेला. त्याचं उत्तर आजवर कुणी पाहिलेलंच नव्हतं. मेअखेर एका मंगळवारी माझी पाळी होती. तोपर्यंत तो पंधरा मिनिटांत बसवला तर नाव पक्कं. नाही तर, सरांनी लिहिलं होतं, 'दुसऱ्या विषयाचा विचार करणे बरे.'

म्हणजे चार वर्षांची मेहनत एका मंगळवारवर येऊन थांबली.

एकटीनं होण्यासारखं काम नव्हतं. मी चित्र लहान करणार, पण ते बरोबर झालं की नाही हे कोण बघणार? तिथं शालन पुढं झाली. वीस वर्षांची, बारीक अंगाची, फार न बोलणारी. आदल्या वर्षी बी.एस्सी.ला गणितात नापास होऊन घरी बसली होती. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं म्हणे, पण घरात तिच्या परीक्षेपेक्षा स्थळांचंच बोलणं जास्त चाले. एका दुपारी मी कागदावर वाकले असताना ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"वहिनी, मला यातलं काही कळत नाही. पण नियम सांगितले तर मी करते की."

"कंटाळशील."

"ज्वारी निवडताना कंटाळते का मी?"

तेही खरंच होतं. तिनं निवडलेल्या ज्वारीत खडा कधी सापडला नाही. मग मी मूळ चित्र दोन कागदांवर उतरवलं, एक माझ्यासाठी, एक तिच्यासाठी. ठरलं असं की दोघींनी आपापल्या कागदावर स्वतंत्र काम करायचं, एकमेकींच्या कागदात डोकवायचं नाही. शेवटी दोन्ही चित्रं सारखी आली की काम बरोबर. नाही आली तर कुणीतरी चुकलं.

ते दिवस आठवले की आधी वास आठवतो. ओल्या फरशीचा, खाकी कागदाचा, माठात टाकलेल्या वाळ्याचा, आणि स्वयंपाकघरात सासूबाई शेंगाची चटणी कुटत असतील तर तिचा. पेन्सिल एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं निळी. लाल म्हणजे काढायचं, निळं म्हणजे बसवायचं. घामानं मनगटाखालचा कागद ओला होई म्हणून शालन मनगटाला रुमाल बांधायची. मध्येच ती मान वर न करता विचारायची, "वहिनी, हा ठिपका कुणालाच बाण देत नाही. काढू?" मी म्हणायची, "नियम काय म्हणतो?" ती पत्रिका बघायची, म्हणायची, "काढा म्हणतो," आणि काढायची. तिच्या कामात घाई म्हणून नव्हती. मी मात्र हावरटासारखी जिथं मोठा तुकडा गळताना दिसेल तिथं आधी धावायची. एकसारखे दोन ठिपके दिसले की त्यांचा एक करायचा हा माझा लाडका नियम, क्रमांक नऊ. त्यानं चित्र भराभर आकसे. कुठल्याही क्रमानं लावा, उत्तर एकच, हा माझाच दावा होता ना!

कॉलेजचे शिपाई धोंडीराम चार-आठ दिवसांनी यायचे, तपासायच्या पेपरांचे गठ्ठे घेऊन. पन्नाशीचा माणूस, सांगोला तालुक्यातल्या एका खेड्यातला. बायको-मुलं, भाऊ, मेंढरं सगळी तिकडंच. गठ्ठा ठेवून ते उंबऱ्यात टेकायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि शेवटचा घोट घेण्याआधी तांब्याकडे क्षणभर बघायचे. मग कागदाकडे बघून म्हणायचे, "बाई, ह्यो कुन्या गावचा नकाशा म्हनायचा?"

"सगळ्या जिल्ह्याचाच आहे म्हणा."

"मंग आमचं गाव हुडका की ह्यात," म्हणून हसायचे.

मेच्या मध्यावर दोन्ही चित्रं संपली. माझ्या कागदावर दोनशे बारा ठिपके उरले होते. शालनच्या कागदावर दोनशे एकोणीस.

"सात जास्त आहेत," मी म्हणाले. "कुठंतरी चुकलीस."

"बघते," ती म्हणाली. तीन दिवस तिनं सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं, नव्या कागदावर. चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं कागद माझ्यापुढं पसरला. दोनशे एकोणीस.

"वहिनी, माझं हेच येतंय."

मंगळवार आठवड्यावर आला होता. अजून सूचनांची कार्डं पंच करायची होती, म्हणजे यंत्राला वाचता येतील अशी भोकं त्यांना पाडायची होती. उकाड्यानं डोकं उठलं होतं आणि मनाच्या तळाशी एक भीती होती, जिच्याकडे मला बघायचं नव्हतं. तिचं बरोबर असेल तर क्रम बदलला की उत्तर बदलतं, आणि मग माझा दावाच उरत नाही. मी तिच्या कागदाकडे नीट पाहिलंही नाही. म्हणाले, "शालन, सारख्याला सारखं म्हणायचं एवढंच तर होतं! याच वेंधळेपणापायी नापास झालीस तू."

खोलीत पंखा बंद होता, त्यामुळे वाक्य जसंच्या तसं ऐकू गेलं. शालननं कागदाची नीट चौपदरी घडी घातली, मनगटाचा रुमाल सोडला, पेन्सिल माझ्या बाजूला ठेवली आणि आत गेली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "झालं का गं तुमचं?" शालन म्हणाली, "माझं झालं, आई."

मी मुंबईला एकटीच गेले. मंगळवारी माझी कार्डं यंत्रात गेली आणि मी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहिले. अकरा मिनिटं! जो प्रोग्रॅम पंधरा मिनिटांत कधी संपला नव्हता तो अकरा मिनिटांत संपला. सर कधी हसत नसत, ते हसले. त्यांनी शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावून माझं काम दाखवलं, म्हणाले, या आठवड्यात समितीची बैठक आहे, त्यात सांगतोच. छापून आलेले रुंद कागद, दोन्ही कडांना भोकांची रांग असलेले, मी गुंडाळून घेतले. आत काय छापलंय ते वाचलंसुद्धा नाही. मला मिनिटं हवी होती, ती मिळाली होती.

घरी आल्यावर मी सगळ्यांना पेढे दिले. शालननं पेढा घेतला, म्हणाली, "छान झालं, वहिनी." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी धोंडीराम आले. मी हौसेनं त्यांच्यापुढं तो कागद उलगडला. "तुम्ही म्हणत होता ना गाव हुडका म्हणून? गाव नाही, पण तालुका आहे. हे बघा, सांगोला. तलावांत सरासरी निम्म्याच्या आसपास पाणी."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, तळ्यात पानी? आमच्या तळ्यात मेंढरं बसवलीत की आमी. गाळ बी भेगाळलाय. आजूबाजूच्या चार गावांत बी तीच गत हाय."

"सरासरी आहे ती. एखाद्या ठिकाणी कमी, एखाद्या ठिकाणी..."

"आसंल," ते लगेच म्हणाले. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, ते कळत होतं. "कागद शिकल्याला हाय, त्याला कुटं उन्हातनं हिंडायला लागतंय. चुकायचंच थोडं."

ते गेल्यावर मी तो कागद पहिल्यांदा वाचला. सांगोल्याचा आकडा. त्याच्या वर दोन ओळी सोडून बार्शीचा आकडा. दोन्ही एकच. जवळपास एक नव्हे, दशांश चिन्हापुढच्या चारही घरांपर्यंत एक. बार्शीला पाऊस बरा झालेला, सांगोला कोरडं. दोन तालुक्यांत पाण्याचा शेवटचा थेंबसुद्धा सारखा कसा निघेल?

मी मूळ प्रोग्रॅम काढला. सांगोल्याचा भाग कुणीतरी मागाहून जोडलेला होता, बार्शीचाच उतरवून घेतलेला. सगळ्या सूचना अक्षरशः सारख्या. फक्त मध्ये एक ओळ होती, नवा पाऊस वाचून घ्या, अशी. त्या ओळीनंतर 'पाऊस' हे नाव तेच राहत होतं, पण त्यातला पाऊस बदलत होता. मी नवव्या नियमाच्या मोहापायी आधी सारखे दिसणारे ठिपके एक करून टाकले होते. बार्शीचा पाऊस सांगोल्यावर पाडला होता.

नवीन वाचलेल्या आकड्याचा बाण कुठून काढायचा हा माझा नियम क्रमांक दोन होता. तो आधी लावला असता तर ते ठिपके सारखे दिसलेच नसते.

मी उठून शालनचा कागद शोधायला लागले. कपाटात नव्हता, फडताळात नव्हता. शालन शिवणाच्या वर्गाला गेलेली. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "खाकी कागद ना? गच्चीवर अंथरलाय की, सांडग्यांखाली."

मी जिना चढून गेले. उन्हानं डोळे दिपले. गच्चीच्या मधोमध शालनचा कागद पसरलेला आणि त्यावर ओळीनं कोहळ्याचे सांडगे. मी पायाला चटके बसत असताना उकिडवी बसले आणि एकेक सांडगा उचलून बाजूला ठेवायला लागले. मीठ-हळदीचे डाग पडले होते, पण पेन्सिल पुसली गेली नव्हती. सासूबाई मागोमाग आल्या. "अगं, वाळू दे की अजून! कशाला उचलतीयेस?" मी उचलतच राहिले. कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, चार सांडग्यांच्या खाली मला ते सापडले. निळ्या पेन्सिलीचे सात ठिपके. सांगोला. बाजूला शालनच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हे सारखे दिसतात पण बाण वेगळीकडून येतो.'

सासूबाई शेजारी टेकल्या. "काय झालं?"

"शालनचं बरोबर होतं, आई. माझं चुकलं."

त्यांनी एक सांडगा हातात घेऊन उलटा केला. "मग तिला सांग की," म्हणाल्या. "मला काय सांगतेस?"

संध्याकाळी शालन आली. ती चप्पल काढत होती तेवढ्यातच मी बोलले, नाही तर धीर गेला असता. तो डागाळलेला कागद दाखवला, सगळं सांगितलं. आणि म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं. रागानं नाही बोलले. भीतीनं बोलले."

तिनं कागद फरशीवर पसरून त्याचे कोपरे सरळ केले. मग म्हणाली, "वहिनी, मी बरोबर आहे हे मला कळलं नव्हतं. मला एवढंच कळत होतं की मी चुकले नाही."

या वाक्यावर मी पुढं कितीतरी वर्षं विचार केलाय. गणितातसुद्धा या दोन गोष्टींत अंतर असतं. आणि माणसं बहुतेक वेळा त्या मधल्याच जागेत एकटी उभी असतात, आपण चुकलो नाही एवढंच धरून.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं.

खरं सांगायचं तर दुपारपासून माझ्या मनात येऊन गेलं होतं की काही करायला नको. मूळ प्रोग्रॅमचं उत्तर कुणी पाहिलेलं नाही. ताडून बघायला दुसरं काही नाही. एवढ्या तालुक्यांपैकी एकाचाच आकडा चुकलेला. सर समितीत बोलूनही झाले असतील. हे विचार वाईट माणसांच्याच मनात येतात असं नाही, चांगल्या माणसांच्याही येतात आणि दुपारभर राहतात. पण शालननं 'काय करायचं' असं विचारलं, 'काही करायचं का' असं विचारलं नाही. मग मला पर्याय उरला नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. दोन तास बाकावर बसलो, शालन आणि मी. नाव पुकारलं तशी मी उठून रिसीव्हर हातात घेतला. तिकडून सरांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता. मी ओरडून सगळं सांगितलं. सांगोला, बार्शी, नववा नियम, दुसरा नियम.

"म्हणजे क्रमाने फरक पडतो," सर म्हणाले.

"हो, सर."

"म्हणजे तुमचा दावा खोटा आहे."

"हो, सर."

"मी समितीला सांगून बसलोय. आता मला उलटं सांगावं लागेल. नाव यंदा पक्कं होणार नाही."

"हो, सर."

मग त्यांनी विचारलं, "दुसरं चित्र कुणी केलं म्हणालात?"

"माझ्या नणंदेनं. बी.एस्सी.ला नापास झालीये." ते शेवटचं का सांगितलं कोण जाणे. बाकावरून शालन माझ्याकडे बघत होती.

"जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटं मिळवतो," सर म्हणाले. "दोघी या."

शालननं मुंबई तोवर पाहिलेली नव्हती. पण तिला समुद्र बघायची घाई नव्हती. संगणकाच्या खोलीत ती शिरली आणि त्या यंत्रासाठी ठेवलेल्या गारव्यानं तिच्या अंगावर काटा आला. पदर दोन्ही खांद्यांवर घट्ट ओढून ती उभी राहिली. कार्डांचा गठ्ठा तिनं स्वतःच्या हातानं यंत्रापाशी बसलेल्या माणसाला दिला. या वेळी चौदा मिनिटं आणि वर काही सेकंद लागले. मी घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडला, पण तिनं घड्याळाकडे पाहिलंच नाही. कागद बाहेर आला तशी तिचं बोट ओळीओळीवरून खाली गेलं आणि सांगोल्यावर थांबलं. शेकडा चार.

"बरोबर आलं, वहिनी," ती म्हणाली. आणि मग, थोड्या वेळानं, हळूच, "म्हणजे खरंच नाहीये हो पाणी तिथं."

सरांनी आम्हाला चहाला नेलं. शालनसमोर बशी सरकवत त्यांनी विचारलं, "तुम्ही नियम एकापाठोपाठ एक क्रमानंच का लावलेत?"

शालन गोंधळली. "वहिनींनी क्रमांक घातले होते म्हणून."

सर इतके हसले की शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी माना वळवल्या.

माझं नाव वर्षभरानं पक्कं झालं. प्रबंध झाला, पण वेगळाच. क्रमाला केव्हा महत्त्व असतं आणि केव्हा नसतं, कुठले दोन नियम एकमेकांच्या पायात येतात आणि ते आधी कसं ओळखायचं, यावर. दोन वर्षं जास्त लागली. आता मागं वळून बघताना वाटतं, पहिला प्रबंध झाला असता तर तो कुणी वाचला नसता, आणि ज्यानं वाचला असता त्याला चूक सापडली असती. शालन ऑक्टोबरला गणितात पास झाली. नंतर बार्शीला दिली तिला, तिथल्या शाळेत तिनं उभं आयुष्य गणित शिकवलं. तिची वर्गात एक सवय होती म्हणतात. दोन मुलांची उत्तरं जुळली नाहीत तर बाई आधी 'तुझं चुकलं' म्हणत नसत, 'दोघं कुठं वेगळे झालात ते शोधा' म्हणत. हे मला तिच्याच एका विद्यार्थ्यानं सांगितलं, ती स्वतः कधी सांगायची नाही.

पण त्या उन्हाळ्यातलं एक अजून राहिलंय. मुंबईहून आम्ही परतलो त्याच आठवड्यात धोंडीराम आले. आभाळ रोज भरून येत होतं आणि रोज रितं निघून जात होतं. शालननं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "मामा, मशीनचं चुकलं होतं. म्हणजे आमचंच. आता दुरुस्त केलंय. मशीन म्हणतंय, सांगोल्यात पाणी नाही."

धोंडीराम हसले. "मशिनला कळलं म्हनायचं. आता हापिसाला कवा कळायचं, ताई?"

टँकरच्या यादीत त्यांच्या गावाचं नाव अजून आलं नव्हतं. भाऊ अर्ज देऊन आला होता, पण अर्जांचा ढीगच एवढा की कुणाचा आधी बघायचा हा प्रश्न. शालन आत गेली, कोरा कागद घेऊन आली आणि फरशीवर बसून तिनं सांगोल्याचे आकडे स्वच्छ अक्षरात उतरवायला घेतले. पाऊस किती, उन्हानं उडालं किती, जिरलं किती, उरलं किती. सासूबाई दारातून बघत होत्या. कागद पुरा झाल्यावर त्या म्हणाल्या, "एकटी जाऊ नकोस हापिसात." तेव्हा धोंडीराम उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "मी हाय की."

मला कॉलेजात परीक्षेच्या निकालाची बैठक होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले नाही. टँकर आठ दिवसांनी त्या गावाला गेला. शालनच्या कागदामुळं गेला, की भावाच्या अर्जाचा नंबर आपसूकच लागला, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही, आणि आम्ही ते शोधायच्या फंदात पडलो नाही.

कचेरीत काय झालं ते शालननं दोन शब्दांत आटपलं, "दिला कागद." धोंडीरामांनी मात्र पुढच्या खेपेला गठ्ठा खाली ठेवता ठेवता सांगितलं.

"सायबानं कागद वाचला, बाई. परत वाचला. मंग वर बघून इचारलं, ह्यो हिशेब कुनी केला म्हून. मी मनात म्हनलं, आता ताई तुमचं नाव सांगत्यात."

"मग?"

"न्हाय की. ‘मी केला,’ म्हनल्या. लई हळू म्हनल्या. पन म्हनल्या."